गाडीचं कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) पहिल्यांदाच बदलताय? एवढं सांभाळा

रंगावर जाऊ नका. हिरवा, गुलाबी, निळा हा नुसता रंग, प्रत्येक कंपनी आपापला टाकते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये कूलंटचं स्पेसिफिकेशन दिलेलं असतं, तेच डब्यावर आहे का बघा. दुकानदार "सगळ्यांना चालतं" म्हणाला तरी.

डबा रेडी-टू-यूज असेल तर पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर साधारण निम्मं डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतो तेच. बोअरचं पाणी अजिबात नको. मी सुरुवातीला "थोडंसंच तर आहे" म्हणत दोन वर्षं तेच वरून घालत होतो. रेडिएटर उतरवला तेव्हा आत गीझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर!

बदलताना:

- इंजिन पूर्ण गार हवं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी घ्या. गरम असताना झाकण उघडलंत तर उकळतं कूलंट थेट अंगावर उडतं.
- भरल्यावर हवा काढा. नवशिके चुकतात ते इथेच. हीटर फुल गरमवर ठेवून, रेडिएटरचा फॅन एकदा लागेपर्यंत इंजिन चालू ठेवा. गार झालं की पातळी पुन्हा बघा, हमखास उतरलेली असते. टाकीवरच्या मिन-मॅक्स खुणांच्या मधे आणा.
- जुनं कूलंट गटारात ओतू नका. ते गोडसर आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

फ्लशिंग, थर्मोस्टॅट वगैरे सध्या राहू दे. दुसऱ्या दिवशी गाडीखाली थेंब दिसला तर ड्रेन प्लग (जुनं कूलंट काढायचं खालचं बूच) आवळा, पण हलक्या हाताने. बऱ्याच गाड्यांत तो प्लास्टिकचा असतो.