चित्रावर सही कुठे करायची, कशी करायची आणि कुठल्या नावाने?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: तीन वर्षं ॲक्रिलिकमध्ये काम करताय, पहिल्यांदाच आठ चित्रं एका सामूहिक प्रदर्शनात लागणार आहेत आणि एकावरही सही नाही. ती उजव्या कोपऱ्यातच हवी का, मराठीत की इंग्रजीत, माहेरच्या नावाने की सासरच्या, आणि दोन चित्रांना व्हार्निश मारून झालंय त्यांचं काय?

मी चित्रकार म्हणून फारसा कुणी नाही. रविवारी जलरंग घेऊन बसतो, तेवढंच. पण बावीस वर्षं फ्रेमिंगचं दुकान चालवतोय. लोक चित्राचं तोंड बघतात, मला पाठही बघावी लागते. त्यामुळे उत्तरात पाठीबद्दल जरा जास्त येईल, चालवून घ्या.

आधी जागा. उजवा खालचा कोपरा ही नुसती वहिवाट आहे. बहुतेक लोक उजव्या हाताने लिहितात आणि पत्राखाली सही करायची सवय असते, म्हणून हात आपसूक तिथे जातो. डावीकडे केली तरी कुणी हरकत घेणार नाही. फक्त सही म्हणजे चित्रातला आणखी एक आकार, त्याला वजन असतं, हे धरून चाला. उजवीकडे खाली आधीच गर्द झाड किंवा होडी असेल तर तिथे आणखी गर्दी कशाला? डावीकडे रिकामी वाळू आहे, तिथे करा. याउलट एखादा कोपरा उगाच ओकाबोका वाटत असेल तर छोटी सही त्याला सांभाळूनही घेते. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा तर सही ठळक, सालासकट आणि पुष्कळदा चित्राच्या वरच्या कोपऱ्यात ठोकून द्यायचे. त्यांच्या त्या जाड काळ्या रेषांना ती शोभते. तुमच्या धुक्यातल्या सह्याद्रीवर तशी केलीत तर धुकं बाजूला आणि नाव पुढे, असं होईल. अभंगात ‘तुका म्हणे’ शेवटी येतं. बघणाऱ्यालाही तुमचं नाव शेवटी सापडावं, सगळं चित्र फिरून झाल्यावर.

काहींनी जागा चित्राच्या आतच शोधली. मुघल चित्रकार बिचित्र याचं एक चित्र आहे, जहांगीर बादशहा राजेरजवाड्यांना सोडून एका सूफी शेखला पुस्तक देतोय. त्यात बिचित्रने आपलं नाव सिंहासनापुढच्या पायठणीवर घातलंय. म्हणजे बादशहा सिंहासनावर चढणार तो चित्रकाराच्या नावावर पाय देऊन. नम्रपणा म्हणा नाहीतर चतुरपणा, चारशे वर्षांनी आपण नाव घेतोय खरं. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने त्याहून भयंकर केलं. माल्टात १६०८ साली रंगवलेल्या संत योहानाच्या शिरच्छेदाच्या चित्रात त्याने मानेतून वाहिलेल्या रक्तातच आपलं नाव ओढलंय, आणि त्याची सही असलेलं तेवढं एकच चित्र आपल्याला माहीत आहे. तुम्ही देवळाच्या पायरीवर, दुकानाच्या पाटीवर, होडीच्या फळीवर सही बसवू शकता. मात्र आठही चित्रांत असला लपंडाव करू नका. प्रदर्शनात लोक चित्र बघायचं सोडून सही शोधत बसतात.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. फ्रेमच्या पट्टीला आतून खाच असते आणि ती चित्राची कड चारही बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर खाते. कागदावरच्या चित्राला वरून माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा बसतो, तोही थोडं झाकतो. त्यामुळे कडेपासून निदान दोन-अडीच सेंटिमीटर आत या. मोठ्या कॅनव्हासवर आणखी आत. अगदी कडेला चिकटून केलेली सही बघितली की मला गिऱ्हाइकाला विचारावं लागतं, ‘नाव झाकू की चित्र लहान दिसू देऊ?’

झाकलेलं निदान पुन्हा उघडता येतं. एकदा एक बाई वडिलांचं जुनं जलरंग घेऊन आल्या. नदीचा घाट, पाण्यात पडलेली देवळाची सावली, फार सुरेख हात. आधीच्या कुणी फ्रेमवाल्याने तयार फ्रेममध्ये बसावं म्हणून कागद डावीकडून आणि खालून सरळ कापला होता. सही डाव्या कोपऱ्यात, कडेला होती. उरलं होतं फक्त ‘कर’. आता आपल्याकडे ‘कर’वरून काय कळणार? निम्म्या महाराष्ट्राची आणि गोव्याची सही झाली ती. बाईंना अर्थात वडील माहीत होते. पण त्यांच्या नातवाला ते कुणाचं चित्र ते कोण सांगणार?

सही कशाने करायची? ज्या रंगांनी चित्र केलं त्याच रंगांनी. हा एकच नियम मी हट्टाने सांगतो. ॲक्रिलिकवर ॲक्रिलिक, ऑइलवर ऑइल, जलरंगावर जलरंग किंवा साधी पेन्सिल. ऑइलवर ॲक्रिलिक मार्करने सही करणारे बरेच भेटतात, कारण मार्करने लिहायला सोपं जातं. पण तेलकट थरावर ॲक्रिलिक नीट धरत नाही, पुढे पापुद्रा सुटतो. बॉलपेन आणि जेलपेन तर नकोच, पुष्कळांची शाई उजेडात उडून जाते. छापचित्रांची रीत वेगळी: चित्राखालच्या मोकळ्या कागदावर पेन्सिलने डावीकडे प्रतीचा क्रमांक, उजवीकडे सही.

रंग चित्रातलाच घ्या, सहीच्या जागेपेक्षा दोन पायऱ्या गडद किंवा फिका. नुसता काळा किंवा नुसता पांढरा ओरडतो. बर्न्ट अंबरमध्ये थोडा निळा मिसळला की काळ्याचं काम होतं. रंग शाईइतका पातळ हवा, नाहीतर पहिलं अक्षर जाड आणि तिसऱ्यापासून कोरडं फरफटलेलं, असं होतं. ब्रश रिगर, लांब केसांचा, शून्य किंवा एक नंबर. हात थरथरत असेल तर चित्र आडवं टेबलावर घ्या, दोन्ही बाजूंना दोन जाड पुस्तकं ठेवा, त्यांवर फूटपट्टी आडवी टाका आणि मनगट तिच्यावर टेकवा. आधी टाकाऊ कॅनव्हासवर वीसेक वेळा करा. बँकेच्या चेकवरची सही इथे आणू नका. एक तर ती ब्रशने येत नाही, दुसरं म्हणजे ती जगाला दाखवायची गोष्ट नाही.

आणि वाचता येऊ द्या! दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर कोपऱ्यात चित्रकार दीनानाथ दलालांचं नुसतं ‘दलाल’ असं नाव असायचं, पोरांनासुद्धा लागायचं. डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी सही करून कलावंतपण वाढत नाही.

केव्हा करायची? चित्र संपलं असं वाटल्यावर एक-दोन दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा, पुन्हा बघा, मग करा. पण व्हार्निशच्या आधी. व्हार्निश हा संरक्षणाचा थर आहे, पन्नास वर्षांनी तो पिवळा पडला की जाणकार माणूस तो काढून नवा देतो. सही त्या थराच्या वर असेल तर व्हार्निशबरोबर तीही पुसली जाते. सहीचा खरेपणाही असाच तपासतात. चित्राला पडलेल्या भेगांत सहीचा रंग उतरलेला दिसला तर ती चित्र जुनं झाल्यावर कुणीतरी केलेली, हे उघड.

तुमच्या त्या दोन चित्रांचं एवढं काही बिघडलेलं नाही. व्हार्निश पूर्ण सुकलं असेल तर त्यावर ॲक्रिलिकने सही करा, वाळू द्या, मग वरून व्हार्निशचा आणखी एक हात सगळ्या चित्रावर द्या. फक्त सहीपुरता देऊ नका, तिरक्या उजेडात चौकोनी ठिगळ चमकतं. पुढेमागे ती जाऊ शकते हे लक्षात ठेवून त्या दोघांच्या मागे जरा सविस्तर लिहा.

नावाबद्दल. लिपीची काळजी सोडा. पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनी देवनागरीत सह्या केल्या, उर्दूत केल्या, इंग्रजीतही केल्या. जामिनी रॉय बंगालीत करायचे. चित्र जगात कुठेही गेलं तरी त्यामुळे अडलं नाही. तुम्ही ज्या अक्षरांत डोळे मिटून सुरेख लिहिता ती घ्या. मला स्वतःला देवनागरी आवडते, शिरोरेघ एका फटकाऱ्यात ओढता येते आणि नाव जमिनीवर टेकल्यासारखं दिसतं. पण एकदा ठरवलं की दर वर्षी बदलू नका.

माहेर की सासर, हा प्रश्न पुरुष चित्रकारांना पडत नाही, म्हणून त्याला कुणी गंभीरपणे उत्तर देत नाही. माझ्याकडे एकाच बाईंची चित्रं दोन आडनावांनी आली आहेत. काही लग्नाआधीची, काही नंतरची, आणि लग्नात पहिलं नावही बदललेलं! त्यांच्या मुलाने दोन्ही शेजारी लावली तर पाहुणे विचारतात, ‘ही दुसऱ्या कोणाची?’ माझं मत विचाराल तर पुढे फक्त पहिलं नाव घाला, जे आईने हाक मारलेलं आहे ते. व्हॅन गॉगने हेच केलं होतं. फ्रान्समधल्या लोकांना आडनाव उच्चारता येत नाही, म्हणून यादीतही नाव चित्रावर आहे तसं ‘व्हिन्सेंट’ असंच घाला, असं त्याने १८८८ साली भावाला कळवलं. अडचण एवढीच की तुमचं नाव फार प्रचारातलं असेल तर त्याच नावाच्या दहा जणी निघतील. मग माहेरच्या आडनावाचं पहिलं अक्षर जोडा, किंवा पूर्ण माहेरचं नाव ठेवा. ज्या नावाने हात घडला ते नाव. घरी कुणी नाक मुरडलं तर मागे दोन्ही नावं लिहून टाका.

कायद्याने सही सक्तीची नाही. कॉपीराइट चित्र काढल्याबरोबर तुमचाच होतो. पण कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ५५ सहीच्या बाजूने आहे: चित्र तयार झालं तेव्हा त्यावर ज्याचं नाव होतं तोच कर्ता, असं उलट सिद्ध होईपर्यंत धरून चालतात. भांडण झालंच तर सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर पडतं. दोन पैशांच्या रंगात एवढं मिळतंय, घेऊन टाका.

आठांपैकी एखादं रविवर्म्याच्या चित्रावरून केलं असेल तर त्यावर तुमचीच सही करा आणि मागे ‘राजा रविवर्मा यांच्या चित्रावरून’ असं स्पष्ट लिहा. मूळ सही नकलून काढायची नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. आज घरात सगळ्यांना माहीत असतं. तीस वर्षांनी तेच चित्र कुणीतरी विकायला नेतं.

आता पाठ. वासुदेव गायतोंडे यांची कितीतरी चित्रं अशी आहेत की समोर एक अक्षर नाही. रंगाच्या त्या शांत थरावर नाव टाकायचं तरी कुठे? मागे मात्र देवनागरीत सही, इंग्रजीत सही, साल. मला हे फार पटतं. पुढे चित्राने बोलावं, मागे तुम्ही बोला. मागे पूर्ण नाव, चित्राचं नाव, माध्यम, मापं (आधी उंची की आधी रुंदी ते एकदा ठरवा), गाव आणि साल. साल चार आकडी. नुसतं ‘२४’ लिहिलंत तर तो चित्राचा क्रमांक की वर्ष, हे तुम्हालाच आठवणार नाही. समोर साल घालायचं की नाही ते तुमच्यावर. काही विकणारे म्हणतात, जुनं साल दिसलं की गिऱ्हाईक ‘इतके दिवस का राहिलं?’ असं विचारतं. मागे लिहिलेलं कुणाला टोचत नाही.

लिहायचं कुठे, इथे लोक हमखास चुकतात. कॅनव्हासच्या पाठीवर जाड मार्करने लिहू नका, शाई झिरपून पुढे येते. माझ्याच एका आकाशात ‘ऑक्टो’ एवढं उलटं उमटलंय. कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणलाय तिच्यावर आणि मागे दुमडलेल्या कापडावर मऊ पेन्सिलने लिहा. कागदाच्या मागे लिहिताना कडेला, अगदी हलक्या हाताने, नाहीतर अक्षरं पुढे उठतात. गोंदाने चिठ्ठी चिकटवू नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कसर आधी तीच खाते आणि मग कागदाकडे वळते. आणि फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर किंवा हार्डबोर्डवर तर मुळीच लिहू नका. फ्रेम बदलायला आली की मी तो पुठ्ठा काढतो आणि फेकतो, सगळेच फेकतात. आता मी आधी वाचतो, पण ही अक्कल मला उशिरा आली.

त्या घाटाच्या चित्राचं नावही पुढे पाठीवरच सापडलं. ‘कर’ उरलेला तो कागद माउंटमधून सोडवला तर मागे पेन्सिलने बारीक अक्षरांत पूर्ण नाव, ‘वाई, सकाळ’ आणि खाली ‘पाणी जमलं नाही’ असं लिहिलेलं होतं. पाणी उत्तम जमलं होतं. बाईंना ते वाक्य तोपर्यंत माहीतच नव्हतं. आम्ही मागे काचेची खिडकी ठेवून फ्रेम केली.

शेवटचं, तुमच्या आठांत दोन ॲब्स्ट्रॅक्ट आहेत म्हणून. मागे वरच्या बाजूला एक बाण काढा आणि ‘वर’ असं लिहा. न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयात १९६१ साली फ्रेंच चित्रकार मातिसचं ‘ल बातो’ ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं आणि हजारो लोक ते बघून गेले. तुमच्या हॉलमध्ये तर शिडीवरचा पोरगा घाईत असणार. बाण ठळक काढा.