किड्यांच्या विषाणूत फेरफार करून केलेली रेबीजची लस माणसाला सुरक्षित असते का?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: किड्यांच्या विषाणूत जनुकीय फेरफार करून रेबीजची लस करतात हे खरे का, त्यातून माणसाला एखादा नवाच रोग जडणार नाही ना, आणि चांगली लस हाताशी असताना या खटाटोपाची गरज काय. मी कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि घरची शेती आहे, त्यामुळे या विषाणूशी माझी ओळख प्रयोगशाळेच्या आधी शेतात झाली.

हरभऱ्यावर घाटेअळी पडली की तिन्हीसांजेला एचएएनपीव्हीची, म्हणजे घाटेअळीला मारणाऱ्या विषाणूच्या द्रावणाची, फवारणी करतात, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवीन नाही. काही दिवसांनी रोगट अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते, मागच्या पायांनी फांदी धरून डोके खाली करून लोंबकळते आणि मरते. तिला नुसते बोट लावले तरी कातडी फाटून आतला द्रव ओघळतो. त्या द्रवात बॅक्युलोव्हायरस या किड्यांना रोग करणाऱ्या गटातला विषाणू खच्चून भरलेला असतो. लसीच्या कामी येतो तो याच गटातला, मात्र अमेरिकेतल्या एका पतंगाच्या अळीत सापडलेला. या गटातले विषाणू सस्तन प्राण्यांच्या पेशीत शिरू शकतात, पण तिथे त्यांची वाढ होत नाही, म्हणून त्यांच्यापासून माणसाला रोग होत नाही.

आता या विषाणूचा उपयोग दोन अगदी वेगळ्या रीतींनी होतो, आणि बहुतेक घोटाळा या दोन रीती एकच समजल्यामुळे होतो.

पहिल्या रीतीत विषाणू फक्त कारखान्यातले अवजार असतो. टेक्सासमध्ये मॅक्स समर्स आणि गेल स्मिथ या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की, या विषाणूचे जे जनुक अळीच्या पेशीत एका प्रथिनाचे प्रचंड उत्पादन करवते, त्याच्या जागी आपल्याला हवे ते जनुक बसवले तर पेशी तितक्याच जोमाने हवे ते प्रथिन तयार करतात. काढून टाकलेले ते प्रथिन म्हणजे विषाणूचे उघड्यावरचे संरक्षक कवच असल्यामुळे असा बदललेला विषाणू शेतात तग धरण्यासही दुबळा होतो. रेबीजच्या लसीसाठी त्या जागी रेबीज विषाणूच्या पृष्ठभागावरील जी-प्रथिनाचे जनुक बसवतात, कारण रेबीजला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये याच प्रथिनाविरुद्ध तयार होतात. हे काम ज्या पेशींत चालते त्या एसएफ-९ पेशी मक्यावरच्या लष्करी अळीच्या जातीपासून मिळवलेल्या आहेत. २०१८ पासून जी अळी आपल्या मक्याचा पोंगा कुरतडते आहे, तीच ही. तयार प्रथिन शुद्ध करून घेतात आणि लस म्हणून टोचले जाते ते हे प्रथिन. विषाणू टोचला जात नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्होव्हॅक्स ही कोविडची लस याच पद्धतीची होती, तर अहमदाबादच्या कॅडिला फार्मास्युटिकल्सने २०२२ मध्ये याच वाटेने केलेली रेबीजची तीन मात्रांची लस बाजारात आणली.

गरज काय, याचे माझ्या मते सर्वांत सबळ उत्तर इथे आहे. सध्याच्या बहुतेक लसींसाठी आधी जिवंत रेबीज विषाणू मोठ्या प्रमाणावर वाढवावा लागतो आणि मग तो रसायनाने मारावा लागतो. जी-प्रथिनाच्या रीतीत कारखान्यात रेबीजचा जिवंत विषाणू वाढवावाच लागत नाही, हा कामगारांच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. मात्र कुत्रा चावल्यावर कोणत्या तंत्राची लस चांगली या विचारात एक तासही घालवू नये. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, लगेच सीपीआरमध्ये (कोल्हापूरचे सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन उपलब्ध असेल ती लस सुरू करावी, जखमेतून रक्त आले असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दलही (तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शन) विचारावे आणि ठरलेल्या तारखा चुकवू नयेत. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच जीव घेतो.

दुसऱ्या रीतीत विषाणू स्वतःच वाहक होतो. जी-प्रथिनाचे जनुक सस्तन पेशीत चालेल अशा रीतीने त्यात बसवतात, विषाणू ते पेशीत पोहोचवतो आणि प्रथिन प्राण्याच्या शरीरातच तयार होते. शिवाय बॅक्युलोव्हायरसचा डीएनए जन्मजात प्रतिकारशक्तीला चेतवतो, हा जादा लाभ. असा वाहक दिलेले उंदीर रेबीजच्या मारक मात्रेतूनही बचावल्याचे प्रयोग झाले आहेत. मला यात खरी आशा वाटते ती भटक्या कुत्र्यांसाठी, कारण माणसांतील ९९ टक्के रेबीज कुत्र्यांपासून येतो आणि साखळी तोडायला सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस द्यावी लागते. त्यांना एकेक करून धरणे किती कठीण असते हे गल्लीत राहणाऱ्या कोणालाही विचारावे. युरोपात कोल्ह्यांना आमिषातून तोंडावाटे लस देऊन बहुतांश भागातून रेबीज हटवला गेला, पण त्या लसींमध्ये दुबळा केलेला का होईना, सस्तन प्राण्यात वाढणारा विषाणू होता. किड्यांचा विषाणू तिथे वाढतच नाही, ही सुरक्षितता आणि हीच अडचण: वाढ नाही म्हणून मात्रा भरपूर लागते, रक्तातील पूरक प्रथिने (जंतूंवर हल्ला करणारी) त्याला झटपट निकामी करतात, आणि अळीच्या अल्कधर्मी आतड्याची सवय असलेल्या या विषाणूला कुत्र्याच्या आम्लधर्मी पोटातून सुखरूप नेण्याचा प्रश्न वेगळाच आहे. त्यावर उपाय म्हणून विषाणूच्या आवरणात दुसऱ्या विषाणूचे प्रथिन बसवून त्याला या पूरक प्रथिनांपासून वाचवण्याचे प्रयत्न चालू आहेत.