मशीद बंद असताना जमात जोडलेली कशी ठेवायची? झूमवर मिन्यान होतो का?

तुमचा प्रश्न असा: साठेक घरांची बेने इस्रायल (मराठी ज्यू) जमात, मशीद (आपण सिनेगॉगला मशीदच म्हणतो) काही महिने बंद, म्हातारी माणसं घराबाहेर पडू शकत नाहीत, निम्मे नातेवाईक इस्रायलमध्ये. अशा वेळी शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, त्यात फोन-यंत्र चालवत नाहीत), कद्दिश (मृतांसाठी म्हणायची प्रार्थना) आणि सण कसे चालवायचे?

आधी मिन्यानचं (सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या किमान दहा जणांचं) बोलू, कारण सगळे वाद तिथेच होतात. आपल्या बहुतेक मशिदी सफार्दी रीतीने चालतात आणि त्या रीतीत दहा पुरुष एका जागी हवेत. पडद्यावरच्या दहा चौकटी म्हणजे मिन्यान नव्हे. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या रब्बींनी (धर्मगुरूंनी) 2020च्या वसंतात पडद्यावरच्या मिन्यानला आणीबाणीची तात्पुरती सवलत दिली होती. मुंबईतलं रोडेफ शालोम रिफॉर्म परंपरेचं आहे, त्यामुळे त्यांचा हिशोब निराळा. तुमची जमात कुठल्या रीतीत बसते हे हजान (प्रार्थना चालवणारा) आणि मुकादम (जमातीचा प्रमुख) यांनी पहिल्याच आठवड्यात ठरवून सगळ्यांना एकदाच कळवावं. दर शुक्रवारी तोच वाद निघाला की चौथ्या शुक्रवारी कुणी येत नाही.

मिन्यान नसला तर कद्दिश, केदुशा आणि बारेखू हे प्रार्थनेचे भाग, आणि सेफेर (तोराची गुंडाळी) काढून तोरा वाचणं, एवढं गळतं. बाकी बरंच उरतं: तेहिल्लीम (स्तोत्रं), शेमा, मनातल्या मनात म्हणायची अमिदा प्रार्थना, हुमाशातून (छापील तोरातून) पराशा (त्या आठवड्याचा पाठ) वाचणं, गाणी.

कद्दिश अकरा महिने म्हणणाऱ्या माणसाची अडचण मात्र खरी असते, तिला उत्तर द्यावंच लागतं. एक वाट गॅलरीची. शुल्हान आरूख या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथाच्या ओरह हाईम भागात 55व्या प्रकरणात खिडकीतून तोंड दाखवणारा बाहेरचा माणूसही दहात धरला आहे. त्याच आधारावर 2020मध्ये इस्रायलमध्ये गॅलऱ्यांतून मिन्यान झाले. एकाच सोसायटीत किंवा समोरासमोरच्या इमारतींत दहा पुरुष असतील तर हजानने आवारात उभं राहावं आणि बाकीच्यांनी त्याला दिसेल असं उभं राहावं. आधी रब्बींना विचारा. दुसरी वाट म्हणजे जिथे प्रत्यक्ष दहा जण जमतात अशा दुसऱ्या गावच्या मशिदीला मृताचं नाव आणि मृत्यूची हिब्रू तारीख कळवायची. तिथला माणूस कद्दिश म्हणतो, घरचा माणूस फोनवर ‘आमेन’ म्हणतो. फक्त हे आठवड्याच्या मधल्या वारी करा, शब्बाथला फोन नको.

आता वेळ. ऑनलाइन सभा शुक्रवारी ठेवायची हौस सगळ्यांना असते आणि मला ती चूक वाटते. शब्बाथचे दिवे सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी लागतात. मुंबईत डिसेंबरमध्ये ते पावणेसहाच्या सुमारास, जुलैच्या सुरुवातीला साधारण सातला. सभा त्याआधी किमान वीस मिनिटं संपायला हवी, म्हणजे थंडीत ती साडेचारला सुरू करावी लागेल. कामावरचा माणूस तेव्हा लोकलमध्ये असतो. शनिवारी रात्र पडल्यावरची वेळ आपल्या लोकांना जास्त मानवते. हावदाला (शब्बाथ संपवायचा विधी) असते, मग प्रेषित एलियाहूचं गाणं ‘एलियाहू हन्नाबी’, आणि एलियाहू हन्नाबीवर बेने इस्रायलांची भक्ती काही वेगळीच. या सभेसाठी घरात लागतं ते एवढंच: द्राक्षाचा रस, लवंग किंवा दालचिनी, आणि दोन मेणबत्त्या वाती जुळवून धरायला.

इस्रायलचे लोक हवे असतील तर घड्याळ नीट बघा. उन्हाळ्यात फरक अडीच तासांचा, हिवाळ्यात साडेतीन. जुलैत मुंबईत शब्बाथ संपतो तेव्हा इस्रायलमधल्या अश्दोद-दिमोनात अजून ऊन असतं. त्यांचा शब्बाथ साडेआठच्या आसपास सुटतो, आपल्याकडे तेव्हा अकरा वाजलेले असतात. डिसेंबरमध्ये नऊला जमून जातं. म्हणून उन्हाळ्यात दोन्हीकडच्यांची एकत्र सभा रविवारी रात्री साडेनऊला ठेवावी. तिकडे सात वाजलेले असतात आणि लोक कामावरून घरी आलेले असतात.

आवाजाचं: सगळ्यांनी मिळून गायचा प्रयत्न करू नका. प्रत्येकाचा आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्यामुळे पाचवी ओळ येईपर्यंत नुसता गोंगाट उरतो. सगळ्यांचे माइक बंद, हजानचा चालू, आणि ‘आमेन’ म्हणायला एकाच माणसाचा चालू. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ लावा, नाहीतर लांबवलेला सूर पंख्याचा आवाज समजून ते कापून टाकतं. फुकटची सभा चाळीस मिनिटांत तुटते, तेवढीच आखा. लिंक फेसबुकवर टाकू नका, वेटिंग रूम चालू ठेवा आणि दाराशी चेहरे ओळखणारं एखादं जुनं माणूस बसवा. 2020मध्ये ज्यू सभांमध्ये घुसून शिवीगाळ करणारे कमी नव्हते.

पण साठ घरांपैकी पंधरा-वीस घरांत साधा फोनच असतो. जमात टिकते ती या घरांना गुरुवारी जाणाऱ्या फोनमुळे, झूम त्यानंतर. दहा जणांनी सहा-सहा घरं वाटून घ्या. वहीत रकाने करा: घरात कोण कोण राहतं, शेजाऱ्याचा नंबर, चालू औषधं, घरातल्या मृतांच्या हिब्रू तारखा. ‘कसे आहात?’ विचारू नका, उत्तर ‘बरं आहे’ असंच येतं. ‘काल रात्री काय जेवलात?’ आणि ‘गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात?’ असं विचारा. वर्षश्राद्धाची हिब्रू तारीख आदल्या संध्याकाळपासून सुरू होते, त्यामुळे आठवणीचा फोन त्याच्याही आधी जायला हवा. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्टवर विसंबू नका. ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही त्याला तो संदेश पोचतच नाही.

त्या घरांत कागदही पोचवा, शुक्रवार दुपारच्या आत: पराशाचा मराठी सारांश, देवनागरीत लिहिलेला किद्दुश (शब्बाथला द्राक्षरसावर म्हणायचा आशीर्वाद), मोठी अक्षरं. सोबत मनुकांच्या रसाची बाटली. पाव किलो काळी मनुका तीन वाट्या पाण्यात रात्रभर भिजवायची, कुस्करायची, फडक्यातून गाळायची. घरटी शंभर मिलिलिटर पुरतो, कारण किद्दुशाच्या पेल्याला 86 मिलिलिटर लागतात. बुधवारच्या आधी करू नका, उन्हाळ्यात तो तीन-चार दिवसांत आंबतो.

मलिदा (एलियाहू हन्नाबीच्या नावाने करायचा पोह्यांचा विधी) पडद्यावर छान होतो, कारण त्याला मिन्यानची अट नाही. चार माणसांना दोन वाट्या पोहे, वाटीभर ओलं खोबरं, अर्धी वाटी साखर, चार वेलदोडे, थोडे काजू-बदाम, वर फळं. पोहे सभेच्या वेळीच धुवा, तासभर आधी धुतले तर गोळा होतो. केळ्यावर झाडाच्या फळाची बेराखा (खाण्याआधीचा आशीर्वाद) म्हणू नका, जमिनीच्या पिकाची म्हणा. ही चूक कॅमेऱ्यासमोर हमखास होते.

महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं 2020च्या मार्चपासून 16 नोव्हेंबरपर्यंत बंद होती, म्हणजे पेसाहपासून (एप्रिल) सिमहात तोरापर्यंतचे (ऑक्टोबर) सण त्यातच गेले. पेसाहच्या सेदरसाठी (सणाच्या रात्रीच्या विधीच्या जेवणासाठी) इस्रायलमधल्या काही सफार्दी रब्बींनी म्हाताऱ्यांपुरती झूमची मुभा दिली होती, यंत्र सणाआधीच चालू करून ठेवायच्या अटीवर. मुख्य रब्बींनी ती नाकारली. नव्याच्या सणाला (रोश हशाना, ज्यू नववर्ष) शोफार (फुंकायचं शिंग) फोनवरून ऐकला तर मित्सवा (धर्माज्ञा) पुरी होत नाही. फुंकणाऱ्यालाच इमारतीखाली न्या, तीस फुंका पुरतात, दहा मिनिटांत उरकतं. वेळ आणि जागा आदल्या दिवशी कळवा. सणाचा पहिला दिवस शनिवारी आला तर त्या दिवशी फुंकायचा नसतो, फेरी दुसऱ्या दिवशीच ठेवा.

वाटलेल्या कागदांवर देवाचं नाव असतं. ते रद्दीत जाऊ नयेत म्हणून प्रत्येक पुडक्यावर ‘परत करा’ असं लिहा, आणि मशीद उघडेल त्या दिवशी दाराशी गनीझाची (असे पवित्र कागद जमा करायची) एक पेटी ठेवा.