अठराव्या शतकातले निसर्ग-अभ्यासक एकमेकांना पत्रांतून नेमकं काय लिहायचे?

पुस्तकं मागायचे, नमुने पाठवायचे आणि टीकाकार काय म्हणतील याची काळजीही करायचे. यातलं बरंचसं एकाच प्रकरणात दिसतं. अमेरिकेतल्या चार्ल्सटनचे डॉक्टर अलेक्झांडर गार्डन स्वीडनमधल्या लिनियसला, म्हणजे वनस्पती-प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या शास्त्रज्ञाला, मासे पाठवत. कसे, तर अर्ध्या अंगाची कातडी सोलून, वाळवून, वनस्पतींसारखी कागदावर चिकटवून! महिनोन्‌महिन्यांच्या समुद्रप्रवासात याहून टिकाऊ काय असणार? त्यांतले काही लंडनच्या लिनियन सोसायटीत, म्हणजे लिनियसच्या नावाने चालणाऱ्या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेत, आजही आहेत.

लंडनचे व्यापारी जॉन एलिस या दोघांमधला दुवा. एका सुवासिक झुडपाला गार्डनचं नाव द्यावं म्हणून ते लिनियसच्या मागे लागले. लिनियस आधी कचरला. शास्त्रात जाहीर भर न घातलेल्या मित्रांची नावं मी झाडांना देतो असा आरोप माझ्यावर होतो, असं त्याने कळवलं. एलिसनी हट्ट सोडला नाही आणि १७६१ मध्ये ‘गार्डेनिया’ हे नाव छापून आलं. आपल्या अंगणातला अनंत हा गार्डेनियाच.

मला यात सर्वांत भावते ती एलिसची चिकाटी. दूर एकट्याने काम करणाऱ्या मित्राची दखल घेतली जावी, एवढ्यासाठी ते पत्रामागून पत्र लिहीत राहिले.