कोर्स घेण्याआधी नोंदणीचं बघ

वॉर्डात नर्स म्हणून तीन वर्षं काढलीस, आता पुढे शिकायचं म्हणतेस, ऐकून फार बरं वाटलं. पण माहितीपत्रकं बाजूला ठेव आणि आधी हे तपास: या पदवीवर तुझी नोंदणी करणारी परिषद वरच्या कामाची परवानगी देते का? कोर्सला मान्यता आहे का, हे कोर्स चालवणाऱ्या संस्थेला विचारू नकोस, परिषदेच्या यादीत स्वतः बघ. माझं अख्खं वर्ष यातच गेलं. प्रमाणपत्र हातात आलं, पण नोंदणीच्या खिडकीवर ते चाललंच नाही. त्या दिवशीचं रडू अजून आठवतं.

मग प्रात्यक्षिकाचे तास विचार. युरोपीय संघाच्या नियमानुसार परिचारिकेच्या मूळ शिक्षणाला किमान ४६०० तास लागतात, त्यातले निम्मे तरी प्रत्यक्ष रुग्णसेवेचे. ते उगाच नाही. थिअरी घरबसल्या ऑनलाइन होते. सलाइनसाठी शीर बोटाखाली सापडणं, धाप लागलेला पेशंट दारातूनच ओळखणं, हे खाटेशेजारीच येतं. या तासांसाठी रुग्णालय संस्था देते की तुलाच शोधावं लागतं, ते लेखी घे.

नाइट करून आल्यावर अभ्यास झेपेल का, हेही बघ. अर्धवेळ कोर्स घेतलास तरी काही बिघडत नाही. आणि पैसे भरण्याआधी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या दोघींशी तरी बोल.