रुग्णालय उघडे असूनही महामारीत कर्करुग्णांचे उपचार का विस्कळीत होतात?

आपला प्रश्न असा आहे की, कोविडच्या काळात कर्करोगाची बहुतेक मोठी रुग्णालये सुरू होती, तरीही कर्करुग्णांचे एवढे नुकसान झाले असे का म्हटले जाते. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका कर्करोग रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते. मी डॉक्टर नाही. रुग्णाच्या राहण्याची, पैशांची, प्रवासाची आणि कागदपत्रांची सोय लावणे हे माझे काम, आणि २०२० मध्ये नेमकी हीच सोय सर्वांत आधी कोलमडली. म्हणून मी या बाजूने उत्तर देत आहे.

आधी आकडे पाहू. नॅशनल कॅन्सर ग्रिड म्हणजे देशभरातील कर्करोग रुग्णालयांचे जाळे. त्याच्या ४१ केंद्रांतील १ मार्च ते ३१ मे २०२० या तीन महिन्यांच्या कामाची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करण्यात आली. नव्या रुग्णांची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली, म्हणजे ५४ टक्क्यांनी घटली. मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी, ओपीडीतील केमोथेरपी ३७ टक्क्यांनी आणि किरणोपचार घेणाऱ्यांची संख्या २३ टक्क्यांनी कमी झाली. या आकड्यांतील फरक मला फार बोलका वाटतो. ज्यांचे उपचार आधीच सुरू होते, त्यांना रुग्णालयांनी जमेल तसे धरून ठेवले. ज्यांची फाईलही अजून निघाली नव्हती, ते मात्र दारापर्यंत पोहोचलेच नाहीत.

कर्करोगाचा उपचार म्हणजे एखादे औषध किंवा एखादी शस्त्रक्रिया नव्हे, तर ते महिनोन्महिने पाळायचे वेळापत्रक असते, हे लक्षात घेतल्याशिवाय हे नुकसान समजणार नाही. तोंडाच्या कर्करोगासाठी किरणोपचाराच्या साधारण ३० ते ३५ बैठका असतात, त्या आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा-सात आठवडे चालतात, आणि मध्ये खंड पडला तर गाठीतील पेशी पुन्हा वाढू लागतात; अशा रोगात लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एका टक्क्याने घटते, असे किरणोपचारतज्ज्ञ मानतात. मार्चच्या अखेरीस एसटी थांबली तेव्हा आमच्याकडे जत तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या ११ बैठका झाल्या होत्या. त्यांच्या मुलाने त्यांना पुढचे काही दिवस मोटारसायकलवरून आणले. प्रत्येक नाक्यावर अडवले जात असल्यामुळे मी त्यांना रुग्णालयाच्या लेटरहेडवर बैठकांच्या तारखांसह पत्र लिहून दिले, तरीही दोनदा त्यांना अर्ध्या वाटेवरून परतावे लागले. शेवटी त्यांची राहण्याची सोय रुग्णालयाजवळच्या एका रिकाम्या वर्गखोलीत केली, पण तोपर्यंत नऊ दिवसांचा खंड पडला होता.

केमोच्या रुग्णांची अडचण वेगळी होती. अनेकांना दर २१ दिवसांनी औषध दिले जाते, या एका फेरीला चक्र म्हणतात, आणि मधले दिवस रुग्ण घरी असतो. शहरातून गावी परतलेल्या माणसाला त्या काळात जिल्हा परिषदेच्या शाळेत १४ दिवस विलगीकरणात ठेवले जाई. केमोनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात, आणि ज्या दिवसांत रुग्णाने गर्दी टाळून घरचे ताजे अन्न खायला हवे, नेमके ते दिवस तो दहा-पंधरा अनोळखी माणसांबरोबर एका खोलीत काढत असे. गावकऱ्यांना मी दोष देत नाही, कारण त्यांना घाबरवणाऱ्या बातम्या खऱ्याच होत्या. परंतु कर्करुग्णाच्या ये-जा करण्यासाठी वेगळा नियम असावा, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही, आणि आमच्याही ते उशिरा ध्यानात आले.

मुंबईत हीच अडचण अधिक उघडी पडली. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी काहींना जागा मिळते, तर उरलेले कित्येक जण नेहमीच पदपथावर राहून उपचार घेत असतात. रेल्वे थांबल्यावर त्यांना घरी जाता येईना आणि नव्याने येणाऱ्यांना मुंबई गाठता येईना. काही कुटुंबांनी हिंदमाता उड्डाणपुलाखाली दिवस काढले.

आता रुग्णालयाच्या आत काय घडत होते ते सांगते. डॉक्टरांसमोर दोन भीती एकाच वेळी उभ्या होत्या. केमोवरच्या किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला कोविड झाला तर तो दगावण्याचा धोका मोठा, म्हणून सुरुवातीला अनेक ठिकाणी शक्य त्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा सल्ला दिला गेला. दुसरीकडे, ढकलण्याचीही किंमत असते. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणानुसार शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. टाटा रुग्णालयाने काम चालू ठेवण्याचा मार्ग धरला. तेथे २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात ४९४ नियोजित मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांत शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही. काळजी घेतली तर काम थांबवावे लागत नाही, हे त्यातून दिसले, आणि आमच्यासारख्या लहान रुग्णालयांना त्याचा फार मोठा धीर आला.

काही बदल रुग्णांच्या हिताचेही ठरले. स्तनाच्या कर्करोगात तीन आठवड्यांत किरणोपचाराच्या १५ बैठका देण्याऐवजी एका आठवड्यात ५ बैठका देऊन तेवढाच परिणाम साधतो, हे दाखवणारे ब्रिटनमधील संशोधन योगायोगाने एप्रिल २०२० मध्येच प्रसिद्ध झाले आणि पुष्कळ केंद्रांनी योग्य रुग्णांसाठी ते स्वीकारले.

तापाचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत छळत राहिला. केमोनंतर ताप आला की तासाभरात शिरेतून प्रतिजैविके सुरू व्हावीत असा दंडक आहे, कारण पांढऱ्या पेशी घटलेल्या शरीरात जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततो. महामारीत ताप म्हणजे आधी कोविडचा संशय. जवळच्या दवाखान्यात गेलेल्या अशा रुग्णाला वेगळ्या रांगेत बसवून चाचणीचा अहवाल येईपर्यंत थांबवले जाई. त्यामुळे आम्ही प्रत्येक केमोच्या फाईलवर लाल शाईने लिहू लागलो, ‘ताप आल्यास चाचणीची वाट न पाहता औषध सुरू करावे.’ रक्ताची टंचाईही तशीच. महाविद्यालये आणि कारखाने बंद म्हणजे रक्तदान शिबिरे बंद, आणि रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट्स तर पाच दिवसांपलीकडे साठवताच येत नाहीत. रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांसाठी आम्ही कर्मचाऱ्यांनीच आळीपाळीने प्लेटलेट्स दिल्या.

फोनवरील सल्ल्याने बरेच काही सावरले, हे मान्य करायला हवे. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि नियमित तपासणीचे कितीतरी रुग्ण घरबसल्या पाहता आले. पण फोनवरून गाठ चाचपता येत नाही. शिवाय मॉर्फीनसारखी औषधे त्या नियमांनुसार फोनवरून लिहून देता येत नव्हती, त्यामुळे शेवटच्या टप्प्यातील रुग्णाच्या वेदना शमवण्यासाठी घरातल्या कोणाला तरी प्रवासाचा परवाना काढून जिल्हा ओलांडून आमच्याकडे यावेच लागे. त्यांना ताटकळत ठेवायचे नाही, एवढा एक नियम आम्ही स्वतःपुरता कसोशीने पाळला.

राहिले ते न आलेले रुग्ण. त्या तीन महिन्यांत ग्रिडच्या ७० टक्क्यांहून अधिक केंद्रांमध्ये कर्करोगाची पूर्वतपासणी, म्हणजे लक्षणे दिसण्याआधीच केलेली तपासणी, एक तर पूर्ण बंद होती किंवा नेहमीच्या पाव क्षमतेहूनही कमी चालली होती. तालुक्याचा डॉक्टर बंद, दातांचा दवाखाना बंद, आणि ‘इस्पितळात गेलं की कोरोना होतो’ हा समज घरोघरी. ज्यांची फाईल होती त्यांना आम्ही फोन करू शकलो. ज्यांची फाईलच नव्हती त्यांना शोधणार कसे? सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजू लागल्या, तेव्हा आम्ही आमच्या भागातील काही आशाताईंना विनंती केली की, तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातील जखम आणि स्तनातील गाठ, एवढे दोन प्रश्न त्यांनी जाता जाता विचारावेत. त्यांच्याकडून आलेली पहिली रुग्ण पंचेचाळिशीची एक शेतमजूर बाई होती. गाठ गुढीपाडव्याच्या सुमारास हाताला लागली होती, असे तिने सांगितले. ती आमच्यासमोर आली तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता आणि रोग काखेतील ग्रंथींपर्यंत पोहोचला होता. शस्त्रक्रियेआधी तिला केमोची सहा चक्रे घ्यावी लागली.