साशा स्तानिशिच नक्की कुठला लेखक? आणि सुरुवात कुठल्या पुस्तकाने करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की जर्मनची बी-टू (म्हणजे मधल्याच्या जरा वरची) लेव्हल चालू आहे, क्लासमध्ये कुणीतरी साशा स्तानिशिचचं नाव घेतलं, तो तर बोस्नियाचा, मग त्याला जर्मन लेखक का म्हणतात, आणि वाचायचं तर काय वाचू. मी साहित्याची अभ्यासक वगैरे नाही हं, सॉफ्टवेअरमधली बाई, पुण्यात जर्मन शिकले आणि आता सात वर्षं जर्मनीत मानहाइमजवळ राहते. पण या माणसाचं जवळपास सगळं वाचलंय, काही तर दोनदा, म्हणून लिहिते. लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

आधी जन्मगाव, कारण तिथूनच सगळी भानगड सुरू होते. 7 मार्च 1978, विशेग्राड, ड्रिना नदीच्या काठचं छोटं शहर, तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, आताच्या बोस्नियात. सोळाव्या शतकात बांधलेला अकरा कमानींचा दगडी पूल आहे तिथे, इवो आंद्रिचची गाजलेली कादंबरी त्याच पुलावर आहे आणि आंद्रिचला 1961 साली नोबेल मिळालं. साशाची आई बोस्नियाक, म्हणजे मुसलमान घरातली, आणि वडील सर्ब. त्या काळात यात कुणाला विशेष काही वाटत नव्हतं, सगळे युगोस्लाव, विषय संपला. मग देश फुटला, युद्ध पेटलं, 1992 च्या वसंतात सर्ब फौजांनी शहर ताब्यात घेतलं आणि आईचं आडनाव काय, वडिलांचं काय, यावर जगणं मरणं ठरायला लागलं. त्याच पुलावर बोस्नियाक माणसांना आणून मारलं आणि नदीत टाकलं. तिथल्या सर्ब टोळीचा म्होरक्या मिलान लुकिच, त्याला हेगच्या युद्धगुन्ह्यांच्या आंतरराष्ट्रीय कोर्टाने 2009 मध्ये जन्मठेप दिली.

साशा चौदा वर्षांचा होता. आईबरोबर निघाला आणि ऑगस्ट 1992 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पोचला, वडील काही महिन्यांनी आले. आई तिकडे राज्यशास्त्र शिकवायची, इथे लॉन्ड्रीत कामाला लागली. वडील इकॉनॉमिक्सवाले, ते बांधकामावर. बोस्नियातून तेव्हा जर्मनीत सुमारे साडेतीन लाख लोक आले होते आणि बहुतेकांकडे 'डुल्डुंग' नावाचा कागद होता. या शब्दाचा सरळ अर्थ 'खपवून घेणं', म्हणजे तुम्हाला राहायचा हक्क नाही, फक्त सध्या हाकलत नाही एवढंच. 1995 च्या डेटन करारानंतर, ज्याने बोस्नियातलं युद्ध थांबलं, या लोकांना परत पाठवायला सुरुवात झाली. साशाचे आईवडील 1998 मध्ये अमेरिकेला, फ्लोरिडाला गेले, पोरगा शिक्षणाच्या जोरावर मागे राहिला. पुढे शिक्षण संपल्यावर त्याला राहायची परवानगी मिळाली तीसुद्धा लेखक म्हणून काम करतो या अटीवर. लिहिणं थांबलं की व्हिसा धोक्यात. आपल्याकडे लेखकाला एवढं सक्तीचं प्रोत्साहन कुणी देत नाही!

आता तुमचा 'कुठला' हा प्रश्न. त्याचं 2019 चं पुस्तक आहे 'हेरकुन्फ्ट', मराठीत 'मूळ' म्हणा किंवा 'कुठले तुम्ही' म्हणा, मला तर दुसरंच जास्त पटतं. त्याची सुरुवात एका सरकारी अर्जाने होते. 2008 मध्ये जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज करताना त्याला हाताने लिहिलेला लेबेन्सलाउफ द्यायचा असतो, म्हणजे जीवनवृत्तांत, आपला बायोडेटा हो. हा बसतो लिहायला आणि जमतच नाही. तारखा, शाळा, कॉलेज अशी यादी केली तर सगळं बरोबर आणि तरी आपण त्यात कुठेच नाही. मग नदी टाक, आजी टाक, जन्माच्या आधी पडत असलेला पाऊस टाक, असं करत करत बायोडेटाची गोष्ट होते आणि गोष्टीचं साडेतीनशे पानांचं पुस्तक.

मी हे वाचलं तेव्हा माझाही एक अर्ज चालू होता. कुठल्या ऑफिसात ते जाऊ दे. माझ्या आडनावात ळ आहे, इंग्रजी स्पेलिंगमध्ये तो ल होतो, जर्मन माणूस ते वाचतो तेव्हा तो आणखीनच भलता होतो, आणि काउंटरवरच्या बाईंनी तीन वेळा वेगवेगळं आडनाव पुकारलं, तिसऱ्यांदा मी उठले कारण आता दुसरं कुणी उठेना. त्याच आठवड्यात या पुस्तकात स्तानिशिच आपल्या नावावरच्या चिन्हांबद्दल लिहितो ते वाचलं. एस वर एक छोटं चिन्ह, सी वर एक, ती काढली की उच्चार बदलतो, आणि ठेवली तर घर भाड्याने शोधताना तीच आडवी येतात. माझा ळ आणि त्याची चिन्हं, लगेच मैत्री झाली बघा.

पण खरी गंमत पुढे आहे. आजी क्रिस्टिना त्याला ओस्कोरुशा नावाच्या डोंगरातल्या गावी घेऊन जाते, वडिलांकडच्या पूर्वजांचं गाव. माणसं मोजकीच उरलेली आणि स्मशानात जिकडेतिकडे दगडांवर एकच आडनाव, स्तानिशिच, स्तानिशिच, स्तानिशिच. पणजोबा-पणजीच्या थडग्यावर बसूनच खाणंपिणं होतं. मग गावातला एक म्हातारा, गाव्रिलो, विचारतो की तू कुठला. हा शिकलेला पोरगा सुरू होतो, की कुठला म्हणजे काय, जन्म कुठे झाला ते की आईवडील कुठले ते, वगैरे वगैरे. म्हातारा त्याला तोडतो, इथला आहेस तू, इथला. आणि पणजोबाने खणलेल्या विहिरीचं पाणी पाजतो. आपल्याकडे नाही का, गावच्या जत्रेला गेलं की कुणीतरी काका भेटतात, तुझे पणजोबा अन् माझे आजोबा सख्खे चुलत, म्हणून पार दोनशे वर्षांची भावकी अंगावर घालतात. तसंच. फक्त इथे याच आडनावाच्या हिशोबाने खाली शहरात माणसं मारली गेली होती आणि ते तो विसरत नाही. विहिरीचं पाणी गोड लागतं आणि त्याच वेळी भीतीपण वाटते, हे एकाच प्रसंगात आणणं सोपं नाहीये. तिथे एक सापही आहे, त्याचं बोस्नियन नाव 'पोस्कोक', आणि तो शब्द तो जर्मनमध्ये भाषांतर न करता ठेवतो कारण लहानपणची भीती त्या शब्दालाच चिकटलेली.

दुसरीकडे हायडेलबर्ग. पर्यटकांचा किल्ला आणि जुना पूल नाही, टेकडीवरचा एमर्ट्सग्रुंड हा भाग, सत्तरच्या दशकातल्या उंच काँक्रीटच्या इमारती. मी मुद्दाम जाऊन आले. खरं सांगायचं तर तुमची निराशा होईल, बाल्कन्या, सायकली आणि दूरवर ऱ्हाइनचं सपाट खोरं दिसतं, झालं. पण पुस्तकात तिथल्या आराल पेट्रोल पंपावर तुर्की, बोस्नियन, पोलिश, सिलेशियन, जर्मन अशी सगळी पोरं जमतात आणि तो पंप म्हणजे त्यांचा कट्टा. तिथेच एक दातांचे डॉक्टर आहेत ज्यांना तो 'डॉक्टर हाइमाट' म्हणतो. हाइमाट हा जर्मन माणसाचा अगदी हळवा शब्द, मायभूमी, आपलं गाव, सगळं त्यात येतं, आणि उजव्या पक्षांनी तो वापरून वापरून पार खराब केलाय. याने काय केलं, तो शब्द उचलून एका डेंटिस्टला दिला, जो इन्शुरन्स आहे की नाही हे न बघता निर्वासित पोराचे किडलेले दात दुरुस्त करतो आणि वर त्याच्या आजोबांना नेकार नदीवर मासे पकडायला घेऊन जातो. कुठलंही भाषण नाही, फक्त दात आणि मासे.

बाकी पुस्तकांचं भराभर सांगते. पहिली कादंबरी 2006 ची, नावाचं मराठी 'शिपाई ग्रामोफोन कसा दुरुस्त करतो', त्यात विशेग्राडचाच एक मुलगा अलेक्झांडर, ज्याचे आजोबा टीव्हीवर कार्ल लुईस शंभर मीटरचा विश्वविक्रम करत असताना त्याच 9.86 सेकंदांत जातात. तो विक्रम खरा, 1991, टोकियो. या पुस्तकाची भाषांतरं खूप भाषांत झाली, इंग्रजी अँथिया बेल यांचं आहे, ॲस्टेरिक्स कॉमिक्सचं इंग्रजी करणाऱ्या त्याच. मला हे थोडं जास्तच चमचमीत वाटतं, पंचविशीतल्या हुशार मुलाने लिहिलेलं आहे हे पानापानावर कळतं, पण युद्धविरामात दोन्ही बाजूंचे सैनिक फुटबॉल खेळतात तो भाग वाचताना मी ट्रेनचं स्टेशन चुकवलं होतं.

2014 चं 'फोर डेम फेस्ट', म्हणजे 'उत्सवाच्या आदल्या रात्री', यावरून तर वादच झाला आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या वादात आहे. ही कादंबरी पूर्व जर्मनीतल्या उकरमार्क भागातल्या एका खेड्यातली एक रात्र आहे, बोस्निया नावालाही नाही. म्हातारी चित्रकार बाई, आत्महत्येचा विचार करणारा माजी सैनिक, अंडी चोरायला निघालेली कोल्हीण, आणि सांगणारा कोण तर 'आम्ही', म्हणजे अख्खं गाव. माक्सिम बिलर नावाचा लेखक, जो स्वतः लहानपणी प्रागहून आलेला, त्याने 'डी त्साइट' या साप्ताहिकात झोडपलं की बाहेरून आलेले लेखक आता जर्मनांसारखेच जर्मन व्हायला बघतायत, स्वतःच्या अनुभवाचं सोडून हा खेड्यातल्या जर्मनांबद्दल काय लिहितो. म्हणजे बोस्नियावर लिहिलं तर निर्वासितांचा लेखक, जर्मन खेड्यावर लिहिलं तर आपलं सोडलं! पुढच्याच महिन्यात त्या कादंबरीला लाइपझिग पुस्तक मेळ्याचा पुरस्कार मिळाला. स्तानिशिचने 2008 मध्येच एका निबंधात लिहून ठेवलं होतं की 'स्थलांतरितांचं साहित्य' असा वेगळा डबा करणं चूक आहे, त्यात टाकलेले लेखक एकमेकांपासून इतके वेगळे असतात की डब्याला अर्थच राहत नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्याला शामिसो पुरस्कार मिळाला जो खास अशाच लेखकांसाठी होता ज्यांची मातृभाषा जर्मन नाही. तो पुरस्कार 2017 मध्ये शेवटचा दिला आणि मग बंद झाला.

म्हणून माझं उत्तर, तो जर्मन लेखक आहे, कारण तो जर्मनमध्ये विचार करून जर्मन भाषेला कोलांट्या मारायला लावतो. बोस्निया हा त्याचा विषय आहे, एकुलता एक नाही.

तुम्ही नेटवर शोधलंत तर हांडकेचं प्रकरणही दिसेल, तेवढं सांगून ठेवते. ऑक्टोबर 2019 मध्ये पेटर हांडकेला नोबेल जाहीर झालं, हा ऑस्ट्रियन लेखक युगोस्लाव्हियाच्या युद्धात सर्बियाची बाजू घेत राहिला, 2006 मध्ये सर्बियाचा माजी राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच याच्या अंत्यविधीला जाऊन बोलला. नोबेलच्या घोषणेनंतर चारच दिवसांनी फ्रँकफर्टला स्तानिशिचला 'हेरकुन्फ्ट'साठी जर्मन बुक प्राइझ मिळालं. माणूस स्टेजवर गेला आणि आभारबिभार ठेवले बाजूला, म्हणाला की हांडके ज्याबद्दल लिहीत नाही त्यातूनच मी नशिबाने वाचलो. मी तो व्हिडिओ पाहिलाय, आवाज स्थिर नाहीये त्याचा. इथल्या काही साहित्यिक मंडळींना ते फार रुचलं नाही, आनंदाच्या प्रसंगी कशाला वगैरे. मला विचाराल तर तो प्रसंग त्याचाच होता, त्याने काय बोलायचं ते तोच ठरवणार.

2024 मध्ये त्याचं एक गोष्टींचं पुस्तक आलं ज्याचं नाव इतकं लांब आहे की त्यात एक विधवा, एक थडगं आणि झारी कुठल्या दिशेला तोंड करून ठेवायची एवढं सगळं बसतं. हलकंफुलकं आहे, नंतर वाचा.

सुरुवात 'हेरकुन्फ्ट'नेच करा. बी-टूला जड जाईल असं वाटेल पण प्रकरणं छोटी आहेत, काही दोनच पानांची, आणि वाक्यं बऱ्याच ठिकाणी सुटसुटीत. ऑडिओबुक त्याने स्वतः वाचलंय, ते लावून समोर पुस्तक ठेवलं की अर्ध्या अडचणी सुटतात, मी स्वयंपाक करताना ऐकायचे. डेमियन सर्ल्सचं इंग्रजी भाषांतर आहे, अडलं तर तेवढ्यापुरतं बघा. आणि एक, त्या आजीला डिमेन्शिया आहे, पुस्तकभर तिच्या आठवणी गळत जातात आणि हा गोळा करत जातो. शेवटचा भाग ड्रॅगनचा आहे, तो लहान मुलांच्या त्या खेळाच्या पुस्तकांसारखा लिहिलाय, आजीबरोबर जायचं असेल तर अमुक पानावर जा, नाही तर तमुक पानावर. मला ते माहीत नव्हतं, मी आपली ओळीने पानं उलटत गेले आणि एका पानावर आजी झोपलेली, पुढच्या पानावर डोंगर चढतेय, मला वाटलं माझंच जर्मन कच्चं. तुम्ही तसं करू नका, पेन्सिल घेऊन बसा आणि कुठल्या पानावरून कुठे गेलात ते समासात लिहून ठेवा.